सावधपणाची किंमत

सावधपणा हा सेनापतीचा गुण की दोष? अमेरिकेच्या यादवी युद्धात सेनापती मॅक्लेलन फारच जपून पावले टाकतो म्हणून अध्यक्ष लिंकन यांनी त्यास १८६२ साली दूर केले. आमच्या इतिहासात मात्र याची उलट बाजू दिसते: सेनापती धीट आणि धनीच कचरणारा.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे-शिंदे यांच्या फौजेचा मोड केला. होळकर जातीने रणात होते. दुसऱ्या बाजीरावाने पराभव कळताच सिंहगडाची वाट धरली. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस लढाई जुंपली तेव्हा तो पर्वतीवर होता. पहिली तोफ आपण डागू नये, असा निरोप त्याने बापू गोखल्यांस पाठविला. जासूद दिसताच गोखल्यांनी तोफा सुरू केल्या, असे ग्रँट डफ लिहितो. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीस इंग्रजांनी अचानक गाठले, तेव्हा गाफीलपणाचा टोमणा गोखल्यांसच मिळाला. धनी निसटला, पिछाडी राखताना गोखले धारातीर्थी पडले.

आमच्या मते सावधपणाची कसोटी एकच: त्याची किंमत कोण देतो? शिपायांच्या प्राणांसाठी केलेला विलंब चुकीचा ठरला तरी क्षम्य असतो. परंतु स्वतः सुरक्षित राहून धोका आणि दोष दोन्ही दुसऱ्याच्या माथी मारणाऱ्याने आपल्या भीतीस सावधपणा म्हणू नये. कुटुंबातील कर्त्या पुरुषासही हाच न्याय लागू आहे.