सरासरीची नदी

भोपाळ जिल्ह्यात, शहराच्या उत्तरेला, बैरसिया तालुका आहे. तिथल्या एका गावात दोन भाऊ राहत आणि त्यांच्या बांधाला लागूनच त्यांचा एक शेजारी. तिघेही सोयाबीन लावत. भावांची जमीन त्यांच्या नावावर होती. शेजारी दुसऱ्याचं रान बटाईने करायचा, करार सगळा तोंडी.

2017 च्या खरिपात सोयाबीनचा भाव पडला. आपल्याला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं. इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल स्वस्तात बंदराला लागलं की त्याची झळ बैरसियाच्या रानापर्यंत पोचते. हमीभाव होता क्विंटलला 3,050 रुपये, पण मंडीत बोली त्याच्या जवळपासही जाईना. तेव्हा मध्य प्रदेश सरकारने भावांतर भुगतान योजना आणली. ती चांगल्या हेतूने आणली, हे आधी सांगायला हवं. 16 ऑक्टोबर ते 15 डिसेंबर या काळात मंडीत माल विकायचा आणि हमीभावाला जेवढं कमी पडेल तेवढं सरकारने भरून द्यायचं.

फरक मात्र शेतकऱ्याच्या पावतीवरूनच निघेल असं नव्हतं. सरकारने मंड्यांमधल्या दरांची सरासरी काढली. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ती आली 2,580. म्हणजे जास्तीत जास्त 470 रुपये मिळणार.

थोरल्याच्या गाठीला चार पैसे होते. गर्दी ओसरेपर्यंत तो थांबला आणि त्याचा माल 2,600 ला गेला. वरचे 450 मिळून हमीभाव पुरा झाला. धाकट्याच्या डोक्यावर कर्ज, घरात मुलगी आजारी. तो पहिल्याच दिवशी करोंदच्या मंडीत पोचला. ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. फरक सरकार भरणार हे व्यापाऱ्यांनाही ठाऊक होतं. त्याचा माल 2,200 ला गेला. 470 धरून हाती आले 2,670. ज्याला कमी मिळालं, त्याचीच भरपाई अर्धवट राहिली.

शेजाऱ्याच्या नावावर जमीन नाही, म्हणून योजनेच्या नोंदणी पोर्टलवर नाव नाही, म्हणून फरकही नाही. दिवाळीनंतर तो बायकोमुलांसह भोपाळला बांधकामावर गेला.

धाकटा रात्रभर आकडे मांडत बसला. बेरीज कुठेच चुकत नव्हती. तेव्हा आजीने त्याला तिकडे घरोघर सांगतात ती गोष्ट सांगितली. एक हिशेबनीस कुटुंबासह नदी ओलांडायला निघाला. त्याने ठिकठिकाणी काठी बुडवून पाणी मोजलं, सरासरी काढली. धाकटं पोरसुद्धा तेवढ्या पाण्यात बुडणार नव्हतं. तो म्हणाला, चला. मधल्या धारेत पोर बुडालं. काठावर बसून त्याने हिशेब पुन्हा तपासला, तो बरोबरच होता.

"पाणी मधल्या धारेत मोजावं, बाळा," आजी म्हणाली, "आणि हात आधी सगळ्यात लहानाला द्यावा. मदत करणाऱ्याला एवढं कळलं तरी पुष्कळ."

17 नोव्हेंबरला केंद्राने खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं. पण धाकट्यासारख्यांचा माल तोवर विकून झाला होता. शुल्क कधी वाढवायचं आणि कधी उतरवायचं हे दिल्लीत ठरतं. गरजवंताला मात्र पेरणीपासून मळणीपर्यंत त्याच भावाची वाट पाहावी लागते. मदत भावामागून येते आणि भाव त्याआधीच घर मोडून गेलेला असतो, ही मला यातली सर्वांत दुःखाची गोष्ट वाटते.

2025 मध्येही तसंच घडलं. मे महिनाअखेर कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क 20 टक्क्यांवरून 10 वर आणलं गेलं आणि ऑक्टोबरात सोयाबीनसाठी भावांतर योजना परत आली. हमीभाव 5,328 झाला होता. मोजमाप पुन्हा सरासरीचंच.

त्या वर्षीच्या ग्रामसभेत धाकटा उभा राहिला. माझा फरक माझ्या पावतीवरून काढा आणि बटाईने करणाऱ्याचं नाव पंचांच्या साक्षीने नोंदवा, एवढं लिहून घ्या, तो म्हणाला. सचिवाने अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला आणि असा रकाना यात नाही म्हणाला. धाकट्याने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सांगितलं.