सर, एक शंका आहे

चि. बाळूस,


जहाजावर रुजू होण्याआधीचे सुट्टीचे दिवस संवाद आणि व्यवस्थापनाच्या कोर्समध्ये जाणार म्हणून तू वैतागला आहेस, असं ताई म्हणाली. रडार, चार्टवर्क, स्टॅबिलिटी ही खरी विद्या आणि बाकीचं सर्टिफिकेटपुरतं, असं तुझं मत. ते मला मुळीच पटत नाही.

६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरी निघाली, ती पुढच्या टोकाचे दरवाजे सताड उघडे ठेवूनच. ते लावणारा असिस्टंट बोसन केबिनमध्ये झोपला होता. तो येईलच असं धरून चीफ ऑफिसर ब्रिजकडे गेला. कॅप्टनला ब्रिजवरून दरवाजे दिसत नव्हते, ते दाखवणारा दिवाही नव्हता. रिवाज असा, की कोणी अडचण कळवली नाही म्हणजे सगळं ठीक. त्या संध्याकाळी कोणी काहीच कळवलं नाही. बंदराबाहेर पडताच जहाज आडवं झालं आणि १९३ माणसं गेली. इंजिन ठणठणीत होतं, हवाही शांत होती. ‘दरवाजे लागले, सर’ हे तीन शब्द तेवढे कोणी बोललं नाही, आणि कोणी मागितलेही नाहीत. जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाचा आयएसएम कोड पुढे आला तो अशाच घटनांतून.

आता तुझ्याकडे येतो. मोठ्यांना उलटून बोलू नये, हे आम्ही तुला लहानपणापासून शिकवलं. घरात ते शोभतं, ब्रिजवर घातक ठरतं. समोरून येणाऱ्या जहाजाचा सीपीए, म्हणजे ते किती जवळून जाईल ते अंतर, कमी होतोय आणि कॅप्टन पायलटशी बोलण्यात गुंतलाय, अशा वेळी ‘त्यांना दिसलंच असेल’ असं मनात म्हणून गप्प राहू नकोस. आवाज न चढवता आधी आकडा सांग, मग शंका, मग तुझा उपाय: “सर, सीपीए तीन केबल्सवर आलाय, मला जवळ वाटतोय, स्टारबोर्डला घ्यायचं का?” उत्तर आलं नाही तर पुन्हा विचार. एखादा कॅप्टन खेकसेल, खेकसू दे.

दर्यावर्दींच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या, म्हणजे एसटीसीडब्ल्यूच्या, मनिला दुरुस्त्यांनी नेतृत्व आणि संघकार्याचं प्रशिक्षण अधिकाऱ्यांना सक्तीचं केलं. त्या लागू झाल्या १ जानेवारी २०१२ ला, आणि १३ तारखेच्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली. ३२ बळी गेले. कॅप्टनने जहाज बेटाच्या फार जवळून नेलं, हा मूळ दोष. पण ब्रिजवर इतर अधिकारीही होते आणि त्यांच्यापैकी कोणी त्याला ठामपणे अडवलं नाही. सुकाणी इंडोनेशियन, अधिकारी इटालियन, हुकूम इंग्रजीत. ते सुकाण्याने काही वेळा चुकीचे ऐकले. म्हणून ‘पोर्ट टेन’ म्हटल्यावर सुकाण्याने ते शब्द परत उच्चारेपर्यंत थांब, आणि मग रडर इंडिकेटरकडे स्वतः बघ. दुसरा मराठी मुलगा ब्रिजवर भेटला की मराठीत बोलायचा मोह होईल. तो मेसमध्ये पुरा कर. वॉचवर फिलिपिनो सुकाण्याला कळणार नाही असं एक वाक्यही बोलू नकोस.

मूरिंगच्या वेळी तुझ्या हाताखाली बापाच्या वयाचे खलाशी असतील. “समजलं ना?” असं विचारलंस तर सगळे ‘हो’ म्हणतील. त्याऐवजी “तू आधी काय करणार, सांग” असं विचार. सारंगाचं ऐकून घे. दोर कुठे तुटून उसळेल हे त्याला तुझ्याहून चांगलं ठाऊक असतं. त्याला चारचौघांत कधी झापू नकोस.

विश्रांतीचे तास हेही व्यवस्थापनच. चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती, हा नियम आहे. बंदरामागून बंदर लागलं की नोंदवहीत खोटे आकडे भरायची चाल पडते. तू ते भरू नकोस. पेंगलेल्या माणसाला हुकूम ऐकूच येत नाही, मग तू कितीही स्पष्ट बोल.

तेव्हा सोमवारी कोर्सला वेळेवर जा. सिम्युलेटरवर एखादा सीनियर कॅप्टनच्या भूमिकेत असेल आणि चुकत असेल, तर तिथेच त्याला हटक. ती सवय आत्ताच लागू दे, जहाजावर ती नव्याने लागत नाही.

तुझा,
मामा