अंगावर पित्त उठतं त्या रात्री

गोळी घेऊन झाली, आमसुलाचं पाणी चोळून झालं, तरी अंगावर पित्त उठतंच आहे. घर झोपलं आहे. खाज घालवायची खटपट थोडा वेळ बाजूला ठेवू या. उठून बसा, किंवा बरं वाटत असेल तर गार फरशीवर आडवे व्हा. कपडे सैल करा. नाडीचा, इलॅस्टिकचा काच असतो तिथे गांध्या लवकर उठतात.

श्वास मुद्दाम खोल घेऊ नका. चाललाय तसा चालू द्या. बाहेर जाताना तेवढी त्याला घाई करू नका.

(जीभ किंवा घसा सुजल्यासारखा वाटला, आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली, तर हे सगळं सोडून लगेच दवाखाना गाठायचा.)

आता एकच गांधी निवडा. हातावरची, नजरेला पडेल अशी. कडेला लाल, मध्ये फिकट, बोटाखाली किंचित टणक. नख लावू नका. गार पाण्यात पिळलेलं फडकं तिच्यावर ठेवा, आणि वर तळहात. त्वचेत रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या टोकांच्या अगदी शेजारी मास्ट पेशी असतात. त्यांच्यात हिस्टामिनचे कण साठवलेले असतात. ते बाहेर पडले की बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, त्वचा फुगते, मज्जातंतू खाजेची वर्दी मेंदूला देतात. अशी एक गांधी बहुधा २४ तासांच्या आत विरते, मागे डागही ठेवत नाही. दुसरीकडे नवी उठते, हे खरं. पण हाताखालची ही जाणार आहे. तिच्यापाशीच थांबा.

फडकं कोमट झालं की उलटून घ्या. घाई नाही.

आता तो प्रश्न येऊ द्या, जो बहुतेक आधीच येऊन बसला आहे: हे सगळं माझ्या टेन्शनमुळे होतंय का? घरातलं कुणी म्हणालंही असेल, तू फार मनाला लावून घेतेस, ताण घेऊ नकोस. म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. तरी मला हे वाक्य फार जड वाटतं. आधी फक्त अंगाला खाज होती; आता ती आपणच ओढवून घेतली, असा आळही आला.

१८८६ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे डॉक्टर जॉन मॅकेन्झी यांनी एका रुग्ण बाईंची हकीकत लिहिली. गुलाबाजवळ गेलं की त्यांना शिंका यायच्या, दम लागायचा. मॅकेन्झींनी त्यांच्यापुढे हुबेहूब गुलाब धरला. तो कृत्रिम होता, तरी त्यांचं नाक चोंदलं. डॉक्टरांनी तपासलं तर नाक आतून सुजलेलं होतं. ही गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, बघा, सगळे मनाचे खेळ. मला त्यात नेमकं उलटं दिसतं. गुलाब खोटा होता, सूज खरी होती. त्या बाई सोंग करत नव्हत्या. तुम्हीही करत नाही.

ताणाच्या वेळी त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांशी काही रसायनं सुटतात आणि त्यांतली काही शेजारच्या मास्ट पेशींना चेतवतात. ताण एकटा ॲलर्जी निर्माण करतो असं नव्हे; असलेला त्रास तो वाढवू शकतो. आणि उलटही तितकंच खरं. खाजेने झोप जाते, झोप गेली की चिडचिड होते, आणि पुन्हा तेच चक्र. कुठून सुरू झालं ते आज रात्री शोधू नका. सापडलं तरी आत्ता त्याचा उपयोग नाही.

त्याऐवजी ताटातून काय काय गेलं ते आठवा. वांगं गेलं, तुरीची डाळ गेली, अंडं, चिंच, मग लग्नातलं जेवणच. प्रत्येक वेळी वाटलं, आता सापडलं. सहा आठवड्यांहून जास्त काळ उठत राहणारं पित्त पुष्कळदा खाण्यातल्या कशामुळेच नसतं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा मास्ट पेशींना डिवचत असते. म्हणजे कितीतरी घास नुसत्या भीतीने सुटले असतील. त्याचं वाईट वाटू द्या. राग आला तर तोही येऊ द्या. आवरायला जाऊ नका. खांदे वर ओढले गेले असतील तर खाली सोडा. दातांवर दात आवळले असतील तर सैल करा.

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाल तेव्हा कोणता पदार्थ परत खाऊन बघता येईल, हे विचारा. आणि धूळ, कोळंबी, नवा साबण यांच्याबरोबर सासऱ्यांचं दवाखान्यात असणं, थकलेला हप्ता, मुलीची बारावी, हेही त्यांना सांगा. ओशाळून नको, ताप किती होता ते सांगतो तितक्याच सरळपणे.