स्वतःला किती तपासावे?

प्रभुभोजनाच्या आदल्या रविवारी आपल्या बहुतेक मंडळ्यांत आत्मपरीक्षणाची आठवण करून दिली जाते. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला तसे सांगितले (१ करिंथ ११), आणि ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक मंडळीत काही माणसे अशी असतात की त्यांना ही आठवण द्यावी लागत नाही. ती बाराही महिने स्वतःला तपासतच असतात. रात्री पाठ टेकली की दिवसभरात आपण कोणाला काय बोललो, कोणाचा चेहरा का उतरला, प्रार्थनेत मन का लागले नाही, हे सारे ती उलटसुलट करून पाहतात. आपण त्यांना भक्तिमान म्हणतो, आणि रविवारच्या शाळेचे वर्ग बहुधा त्यांच्याच हाती सोपवतो. अशा मनुष्याचे मन आयुष्याच्या एखाद्या वळणावर जड झाले, तर त्याने समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे काय? देवाशी बोलण्याची मोकळीक असताना परक्या माणसापुढे मन उघडणे हा अविश्वास नव्हे काय?

आधी वळणाविषयी बोलू. मिशनच्या दवाखान्यात तीस-पस्तीस वर्षे 'सिस्टर' अशी हाक ऐकलेली एखादी बाई निवृत्त होते, क्वार्टर सोडते आणि मुलाकडे बडोद्याला जाते. तेथे तिला कोणी सिस्टर म्हणत नाही. शेजारच्या बायका 'मासी' म्हणतात. दुसरी एखादी चार जणींपाशी हे बोलून हसली असती. ही मात्र आत वळते. आपल्याला चैन का पडत नाही, याचे कारण ती स्वतःत शोधू लागते, आणि शोधणाऱ्याला काही ना काही सापडतेच. आपण सेवा देवासाठी केली नाही, मानासाठी केली, असे तिला वाटू लागते. खरे पाहता झाले आहे एवढेच की ओळखीचे काम, ओळखीची माणसे आणि ओळखीची हाक एकाच महिन्यात सुटली. हे दुःख आहे. तिने त्याला पाप असे नाव दिले. अंतर्मुख माणसाचा घोटाळा पुष्कळदा येथेच होतो. पापाची क्षमा मागता येते, पण जे पापच नाही त्याची क्षमा कितीही मागितली तरी मन हलके होत नाही. मग आपली प्रार्थना ऐकली गेली नाही असे वाटून भीती आणखी वाढते.

आपल्या प्रॉटेस्टंट घराण्याचा मूळपुरुष याच वाटेने गेला होता. मार्टिन ल्यूथर १५०५ साली एर्फुर्टच्या मठात शिरला, तो कायद्याचे शिक्षण टाकून. तेथे तो तासन् तास पापकबुली देत असे. एकदा तर सहा तास, असे सांगतात. कबुली देऊन खोलीत परतला की राहून गेलेले काही आठवे आणि पुन्हा सुरुवात. त्याच्या संघाचा प्रमुख योहान फॉन श्टाउपिट्झ हा शहाणा मनुष्य होता. 'आणखी कसून तपास' असे त्याने सांगितले नाही. त्याने त्याची नजर स्वतःवरून काढून ख्रिस्ताच्या जखमांकडे वळवली. शिवाय विटेनबर्गच्या विद्यापीठात पवित्र शास्त्र शिकवण्याचे काम त्याच्या गळ्यात घातले. मार्टिनने पुष्कळ आढेवेढे घेतले, तरी १५१२ साली तो डॉक्टर झालाच. पुढे काय घडले ते आपण जाणतोच. ल्यूथर म्हातारपणापर्यंत श्टाउपिट्झचे उपकार मानीत असे.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आम्हां प्रॉटेस्टंटांना याजकापुढे पापकबुली देण्याची गरज नाही, असे आपण काहीशा अभिमानाने सांगतो. पण ल्यूथरने खाजगी कबुली मोडीत काढली नाही. तिची सक्ती तेवढी काढली. १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासपत्रातही ती राखली आहे. त्याच वर्षी त्याने आपल्या मुलांचा शिक्षक असलेल्या, खिन्नतेने ग्रासलेल्या हिएरोनिमस वेलरला पत्र लिहून कळवले, की एकांत टाळ, माणसांत जा, थट्टामस्करी कर. एकट्या मनाची धाव कोठवर जाते हे त्याला पक्के ठाऊक होते.

पवित्र शास्त्रात एलीयाची गोष्ट पाहा (१ राजे १९). रतामाच्या झुडपाखाली तो मरण मागत पडला असता त्याला प्रथम मिळाली ती झोप, भाकर आणि पाणी, उपदेश नव्हे. होरेबापर्यंत पोहोचल्यावर देवाने त्याला विचारले, तू येथे काय करतोस? त्याने आपले गाऱ्हाणे सांगितले. मग वारा, भूमिकंप, अग्नी आणि मंद वाणी झाली, आणि तोच प्रश्न पुन्हा आला. एलीयाने उत्तर दिले तेही शब्दशः तेच! एवढे पाहूनही मनातली तबकडी त्याच जागी फिरत राहिली. मनाची ही जात ज्याने अनुभवली आहे त्याला हे वाचून नवल वाटणार नाही. देवाने तिसऱ्यांदा विचारले नाही. त्याने त्याला तीन माणसांकडे कामाला पाठवले, आणि मीच एकटा उरलो हा त्याचा हिशेब चुकीचा आहे, बाल दैवतापुढे गुडघे न टेकलेले आणखी ७००० आहेत, हेही सांगितले.

तर समुपदेशक काय करतो? आपल्याकडे पुष्कळांची समजूत अशी की तो उपदेश करतो, किंवा बालपणीचे काहीतरी खोदून काढतो. चांगला समुपदेशक बहुतेक वेळ ऐकतो, आणि प्रश्न विचारतो ते नेमके. 'मला काहीच जमत नाही' असे म्हटले की तो विचारतो, काल सकाळपासून काय काय केलेत ते सांगा. सांगता सांगता माणसाच्या लक्षात येते की स्वयंपाक झाला, नातवाचा अभ्यास घेतला, फक्त एका पत्राला उत्तर द्यायचे राहिले. मनात आलेला विचार वहीत लिहून त्याला पुरावा काय आहे हे पाहावयास तो शिकवतो. अमेरिकेतील डॉक्टर एरन बेक यांनी १९६० नंतरच्या काळात ही पद्धत घडवली. अंतर्मुख माणसाला ती मानवते, कारण आत पाहण्याची सवय त्याला आधीच असते. कोठे थांबावे एवढे शिकायचे असते. खपली रोज उचकटून जखम भरली की नाही ते पाहणाऱ्याला डॉक्टर काय सांगतील? तेच येथे.

गोव्यात 'संगथ' ही संस्था १९९६ पासून काम करते. तिने मानसोपचाराची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत खिन्नतेच्या रोग्यांशी बोलावयास बसवले. सहा ते आठ भेटी, आणि भर कशावर, तर सोडून दिलेली कामे थोडी थोडी पुन्हा हाती घेण्यावर. याचा गुण येतो असे रीतसर चाचण्यांत दिसून आले. आम्हांस हे वाचून रविवारच्या शाळेचे शिक्षक आठवले. त्यांनी वैद्य व्हावे असे नव्हे. पण ऐकण्याची विद्या शिकता येते.

आक्षेप आहेतच. समुपदेशनाने माणूस अधिकच स्वतःभोवती फिरू लागतो, असे काही वडीलधारे म्हणतात. तसे होऊ शकते. वर्षानुवर्षे खोदकाम करणारा, पण सोमवारी सकाळी उठून तुम्ही काय करणार हे कधीच न विचारणारा समुपदेशक अशा माणसाच्या कामाचा नाही. श्रद्धेची टिंगल करणाराही नाही. तेथून खुशाल उठून यावे आणि दुसरा पाहावा. तो ख्रिस्तीच असला पाहिजे, असे मात्र आम्हांस वाटत नाही. हाड बसवणाऱ्या डॉक्टरचा धर्म आपण विचारीत नाही. क्षमा त्याच्याकडे मागावयाची नसतेच. ती जेथे मागावयाची तेथे मागावी.

दुसरी अडचण अधिक खरी आहे, आणि ती आपल्या घरातली आहे. मंडळीत कोणी मन उघडले की त्याचा 'प्रार्थनेचा विषय' होतो, आणि बुधवारच्या सभेतला विषय गुरुवारी गावभर होतो. समुपदेशकाकडे गुप्तता हा उपकार नसतो, ते बंधन असते. जिवाला धोका असणे यांसारखे मोजकेच अपवाद. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याला तो हक्कच दिला आहे. मंडळीतील माणूस परक्याकडे जातो तेव्हा त्याच्या विश्वासाविषयी बोलण्याआधी आपल्या तोंडाविषयी बोलावे.

सर्वच बरे होतात असेही नाही. इंग्रज गीतकार विल्यम कूपर १७६३ मध्ये मनाने कोसळला. सेंट ऑल्बन्सच्या डॉक्टर कॉटन यांच्याकडे दीडएक वर्ष राहून सावरला. ऑल्नीला पाळक जॉन न्यूटनसारखा मित्र मिळाला. १७७३ मध्ये पुन्हा अंधार पडला, तेव्हा न्यूटनने त्याला वर्षभर आपल्या घरी ठेवून घेतले. देवाने आपल्याला टाकले आहे ही भावना १८०० साली मरेपर्यंत त्याला सोडून गेली नाही. तरीही त्याने बाग केली, ससे पाळले, कविता लिहिली. त्याचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

झोप उडाली, अन्न जाईना, जगणे नको वाटू लागले, तर वाट पाहू नये; डॉक्टरकडेच जावे, आणि गोळी दिली तर ती रक्तदाबाच्या गोळीसारखी घ्यावी. बांबोळी, धारवाड, ग्वाल्हेर, बडोदे येथे सरकारी रुग्णालये आहेत. हैदराबादेत एर्रागड्डाचे नाव थट्टेत घेतात. ती थट्टा ऐकून घरी बसण्यात अर्थ नाही.

राहिली भाषा. बेळगावचा मनुष्य कचेरीत कन्नड बोलेल, इंदूरचा बाजारात हिंदी. पण प्रार्थना तो मराठीत करतो, आणि रडूही बहुधा त्याच भाषेत येते. म्हणून पहिल्याच भेटीत मराठी जाणणारे कोणी आहे काय, असे विचारण्यास संकोच करू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा चालू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की पैसे न देता, रात्री-अपरात्रीही, मराठीत बोलता येते. हा आकडा मंडळीच्या सूचनाफलकावर उपासनेच्या वेळांखाली लिहून ठेवावा.