अक्षता टाकणाऱ्याचे काय?

लग्नाला आलेला माणूस तेथे नेमका कशासाठी आलेला असतो, हे आमच्याकडे कोणी विचारीत नाही. पत्रिका आली की जायचे, अक्षता टाकायच्या, पंगतीला बसायचे, आहेर द्यायचा आणि उन्हातान्हात घरी परतायचे. जाण्याला कारण लागत नाही. न जाण्याला मात्र लागते, आणि तेही घरात कोणी आजारी असल्याशिवाय पटत नाही.

2023 सालचा माझा उन्हाळा असा मित्रांच्या लग्नांत गेला. लिंबागणेशहून मांजरसुंब्याच्या फाट्यावर उभे राहायचे आणि मिळेल त्या गाडीने पाटोदा, केज किंवा बीड गाठायचे. एक लग्न हैदराबादला होते आणि एक चक्क लंडनला! तिकडे नोकरीस असलेल्या मित्राने तिकीट पाठविले. मी परत येणार हे पटविण्यासाठी व्हिसाच्या कचेरीला कागदांचा भारा दिला. आमच्या गावचा माणूस लंडनला राहून जाईल अशी भीती कोणाला वाटावी, याची मला मौज वाटली.

ते लग्न सरकारी कचेरीत लागले. वीसेक माणसे, ना बँड, ना पंगत. पण विवाह लावणाऱ्या बाईंनी एक प्रश्न विचारला आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. या विवाहास कायद्याने काही हरकत असल्याचे येथे कोणास ठाऊक असेल, तर त्याने आताच सांगावे, असे त्या म्हणाल्या. क्षणभर कोणी बोलले नाही. मग दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. त्यांतला एक मी. त्या देशालाही सगळे शहाणपण आधीपासून होते असे नाही. आईबापांच्या संमतीने सोळाव्या वर्षी लग्न लावण्याची मुभा तेथेही त्याच वर्षीच्या 27 फेब्रुवारीपर्यंत होती.

आपल्याकडेही तसा एक शब्द आहे : सावधान. तो ऐकून रामदास बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा सांगतात. त्यांनी तो स्वतःसाठी घेतला. मांडवातल्या पाहुण्यांसाठीही तो असू शकेल, हे आपल्या कधी ध्यानात येत नाही. आपले लक्ष पंगतीकडे.

मे महिन्याच्या शेवटी शाळेतल्या एका मित्राची पत्रिका आली. मित्र ऊसतोडीला जाणारा. मुलीने नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. आमच्या जिल्ह्यात याचे नवल वाटत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात शंभरात बावीस निघाल्या, बीडमध्ये चाळीसहून अधिक. कारणेही सर्वांना पाठ आहेत. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. शिवाय आईबाप सहा महिने फडात असताना वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची?

मी मित्राच्या घरी गेलो आणि, हे लग्न ठरल्या दिवशी लागत असेल तर मी कळविणार, असे तोंडावर सांगितले. तो चिडला नाही. हसून म्हणाला, “अरे, तुला कोण लग्न लावायला सांगतंय? तू नुसत्या अक्षता टाकायला ये.”

त्याचे हे वाक्य मला साधे वाटत नाही. नुसत्या अक्षता! 2006 च्या कायद्याने, मुलाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याचे अशा लग्नाला हजर राहणेही गुन्ह्यात धरले आहे. माझ्याकडे कोणाची जबाबदारी नव्हती, तेव्हा कायद्यापुरता कदाचित मी सुटलो असतो. पण त्या मुलीने अंतरपाट दूर झाल्यावर समोर पाहिले असते तेव्हा तिला काय दिसले असते? दोन-तीनशे माणसे, आणि सगळ्यांच्या मुठी तांदळाने भरलेल्या. एकट्या बापाच्या शब्दाला हे वजन येत नाही. ते आपण आणतो, मुठीमुठीने.

आमच्या गावचा गणपती भालचंद्र. गणपतीला हसल्याबद्दल चंद्राला शाप मिळाला आणि येथे तप करून त्याने उःशाप मिळविला, अशी श्रद्धा आहे. भाद्रपद चतुर्थीला चंद्र पाहणाऱ्यावर आळ येतो तो त्या शापामुळेच. लहानपणी मला हा अन्याय वाटे. चंद्र हसला हे खरे, पण पाहणाऱ्याने काय केले? त्याने नुसते पाहिले! आता वाटते, ही गोष्ट रचणाऱ्याने पुष्कळ लग्ने पाहिली असावीत.

मी 1098 वर फोन केला. माणसे आली, दोन्हीकडून हमीपत्रे लिहून घेतली, लग्न थांबले. मुलगी अकरावीला बसल्याचे नंतर कळले. मित्र बोलेनासा झाला. गावात काहींनी मला शहाणा म्हटले; ज्या सुरात म्हटले तो वेगळा होता. असो.

दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या. मित्र एकटाच ट्रॅक्टरवर चढला. एकट्या माणसाला आमच्याकडे अर्धा कोयता म्हणतात. त्याला उचलही निम्मीच मिळाली होती, आणि घरात म्हातारीचे औषधपाणी होते. त्या उरलेल्या निम्म्या उचलीचा हिशेब मला अजून मांडता आलेला नाही.