तुपाची वाटी

संत नामदेवांची ती गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. पुढ्यातली कोरडी पोळी कुत्र्याने पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. आमच्या बऱ्हाणपुरात ही गोष्ट वर्गात सांगितली की मागच्या बाकावरून एखादा हमखास म्हणतो, "मगर सर, कुत्ते को घी हजम नहीं होता!" घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला अशा दोन साक्षी नेहमीच येतात. कित्येक वर्षे मी त्या म्हणीला हसत आलो. तीन पावसाळ्यांपूर्वी माझे ते हसू थांबले.

आमच्या घरी काळू नावाचा गावठी कुत्रा आहे आणि मनी नावाची मांजर होती. त्या वर्षी पावसाळा लागला आणि काळूच्या कानांत, पायांच्या बोटांच्या बेचक्यांत गोचीड झाले. पाठ खाजवून खाजवून त्याने लाल केली. मला ते बघवेना. शेतावरच्या बैलांच्या अंगावर फवारायचे गोचीडनाशक घरात होते. गोचीड जास्त, तेव्हा औषधही जास्त, असा हिशेब मी केला. बैलाला चालते ते कुत्र्याला का चालू नये, हा दुसरा हिशेब. नेहमीपेक्षा दुपटीहून दाट पाणी कालवून ते मी काळूला उघड्या हातांनी चोळले. तो बिचारा उभा राहिला. शेपटीही हलवत होता.

संध्याकाळी त्याची लाळ गळू लागली, पाय लटपटू लागले. आम्ही त्याला साबणाने धुऊन काढले, डॉक्टर आले, दोन दिवसांत तो सावरला. पण मनी ओसरीवर रोज काळूला चिकटून झोपत असे, त्याची पाठ चाटत असे. त्या दिवशी धावपळीत तिच्याकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते. रात्री तिचे अंग थरथरू लागले, मग झटके आले, आणि पहाट व्हायच्या आत ती गेली.

डॉक्टरांनी मला शांतपणे समजावले. शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून पूर्वी कीटकनाशक काढीत, त्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेली ही द्रव्ये. कुत्र्याचे यकृत त्यांचा बराचसा निचरा करू शकते. मांजराच्या यकृतात ते काम करणारी यंत्रणा फार दुबळी असते. कुत्र्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या परमेथ्रिनच्या थेंबांनीसुद्धा मांजर मरू शकते, आणि त्यासाठी तिच्या अंगावर थेंब टाकावे लागतात असे नाही. ओल्या पाठीच्या कुत्र्याशेजारी ती झोपली तरी पुरते.

"सर, तुमचा हेतू चांगला होता," असे समाचाराला आलेले सगळे म्हणाले. हेच वाक्य मला तेव्हापासून छळते आहे. हेतू चांगला असला की दोष कमी होतो, असे नीतिशास्त्राच्या पुस्तकांत वाचले होते. वर्गात शिकवलेही होते. अजाणता घडलेल्याला आपण क्षमा करतो, पण मी अजाण होतो का? ती बाटली आणली तेव्हा शेतावरच्या गड्याने ती माझ्यापुढे धरून विचारले होते, "सर, इस पे क्या लिखा है, पढ़ के बता दो।" त्याला अक्षरओळख नाही, म्हणून त्याने विचारले. मी एम. ए. आहे. परीक्षेच्या आधी पोरांना प्रश्नपत्रिका दोनदा वाचा म्हणून बजावतो. मी म्हणालो, "बैलाचंच आहे रे, नेहमीचं." ज्याला वाचता येत नव्हते त्याने चौकशी केली आणि ज्याला येत होते त्याने कागद उलगडलाही नाही. हे अज्ञान नव्हे. त्याला दुसरे नाव शोधावे लागेल.

औषध ज्याच्या अंगावर घालावे त्याच्याच अंगावर राहत नाही, हे खरे तर आपल्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिले आहे. आपल्या लहानपणी मेलेल्या ढोरावर गिधाडांचा थवा उतरे. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. कारण २००४ साली उजेडात आले : गुराढोरांचे दुखणे शमावे म्हणून दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात उरत होते आणि ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ मध्ये आपल्या देशाने जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली. त्या शेतकऱ्यांनी गाईवर दयाच केली होती.

यावर कोणी म्हणेल, मग नकोतच ती औषधे. तसेही नाही. गोचीड नुसते रक्त पीत नाहीत. त्यांच्यापासून होणाऱ्या तापात कुत्र्याचे रक्त आटते, आणि उपचार वेळेवर न मिळाल्यास तो जातो. मादी अंगावरून गळून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, म्हणजे कुत्रा स्वच्छ करून घर तसेच ठेवले तर सगळे व्यर्थ. काही न करणे हाही निर्णयच, आणि त्याचे भोगणेही त्या मुक्या प्राण्यालाच.

आता मी मानेमागे टाकायचे थेंब वापरतो. त्यातले फिप्रोनिल हे द्रव्य आपल्या शेतांतही फवारतात, त्यामुळे एका शेजाऱ्याने मला शहाणपण शिकवले : "नाव तेच, मग कृषी केंद्रातली मोठी बाटली घ्या, स्वस्त पडेल." मी त्यांना 'शिक्षा' या शब्दाची आठवण दिली. पलीकडच्या हिंदी शाळेत शिक्षा म्हणजे विद्या, आमच्या घरात शिक्षा म्हणजे छडी. नाव तेच! शेतातल्या बाटलीत त्या द्रव्याचे प्रमाण निराळे, ज्यात ते विरघळवले ते पदार्थ निराळे, आणि ते कातडीसाठी केलेलेच नसते. कुत्र्याच्या नळीवर त्याचे वजन छापलेले असते. दहा किलोपर्यंत ०.६७ मिलिलिटर, वीसपर्यंत १.३४, चाळीसपर्यंत २.६८. मोठी नळी आणून दोन कुत्र्यांत अंदाजाने वाटणे हा माझा तो जुनाच हिशेब झाला. आठ आठवड्यांहून लहान पिल्लाला हे थेंब लावीत नाहीत. सशाला तर कधीच नाही, तो मरतो.

काळूला मी वाण्याच्या दुकानातल्या काट्यावर उभे करून वजन केले, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. साडेसोळा किलो भरला. वाण्याने पैसे घेतले नाहीत, पण गिऱ्हाइके अजून विचारतात. थेंब टाकताना दोन्ही खांद्यांच्या मध्ये, जिथे त्याची जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला सारून थेट कातडीवर टाकतो. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही, कारण ते औषध कातडीच्या तेलातून अंगभर पसरते आणि साबणाने ते तेलच निघून जाते. हातात मोजे. वाळेपर्यंत नातवाने त्याला मिठी मारायची नाही, यावर घरात दर महिन्याला रडारड होते.

काळू मात्र अजूनही तसाच उभा राहतो. मी नळी घेऊन आलो की शेपटी हलवतो. त्या दिवशीचे त्याला काही आठवत असेल असे दिसत नाही. त्याने संशय घेतला असता, गुरगुरला असता, तर मला बरे वाटले असते. माणसाला आपण औषध देतो तेव्हा तो निदान कडू आहे म्हणतो, पोटात जळजळते म्हणतो. याची संमती मी कधी घेतली? त्याच्या विश्वासालाच संमती समजून मी मोकळा झालो, आणि मनीने तर विश्वाससुद्धा माझ्यावर ठेवला नव्हता, काळूवर ठेवला होता.

गेल्या महिन्यात शेजारून मांजरीचे एक पिल्लू आले. आमच्या सौभाग्यवतींनी ते दोन दिवस घरात घेतले नाही. तिसऱ्या दिवशी काळूच्या थेंबांचा खोका माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "यातला कागद मोठ्याने वाचा. मी ऐकते." अक्षर बारीक, इंग्रजी. चष्मा पुसून मी वाचू लागलो, मराठीत सांगत गेलो. मध्येच एक ओळ मला क्षुल्लक वाटली म्हणून गाळली, तर त्या म्हणाल्या, "तिथे थांबलात ना? तेही वाचा."