यादीतील आपले नाव

वेरूळच्या कैलास लेण्यापुढे उभे राहिले असता, ते कोणत्या राजाने कोरविले, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. राष्ट्रकूट वंशातील पहिल्या कृष्णाचे नाव घेतले जाते. जवळच्या दशावतार लेण्यात दंतिदुर्गाचा शिलालेखही आहे. परंतु ज्यांनी छिन्नी चालविली, त्या पाथरवटांची नावे कोणास ठाऊक नाहीत. जगाची रीत बहुधा अशीच आहे. या रीतीस जे थोडे अपवाद आहेत, त्यांत मतदारांची यादी हा एक होय. तीत पाटलाचे नाव आणि त्याच्या शेतावर राबणाऱ्या गड्याचे नाव एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेले असते.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेकरिता मतदान झाले, त्या दिवशी आमच्या ओळखीच्या एका वृद्ध बाई पदराच्या गाठीस ओळखपत्र बांधून मतदान केंद्रावर गेल्या. ओळखपत्र खरे होते, परंतु यादीत नाव नव्हते. तेथील अधिकाऱ्याने यादी दोनदा चाळली व त्यांस परत पाठविले. त्याचा काही दोष नव्हता; यादीबाहेरील मनुष्यास मत देऊ देण्याचा अधिकार त्यास नाही. ओळखपत्र हे मनुष्य ओळखण्यापुरते आहे; मताचा हक्क यादीतील नावावर अवलंबून असतो, ही गोष्ट पुष्कळांस त्या दिवशीच कळते, आणि तेव्हा वेळ गेलेली असते. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादीत भर पडत नाही.

यावर कोणी म्हणेल की, मत माझे आहे. ते मी गमावले तर नुकसान माझे, त्यात पाप ते कोणते? प्रिय वाचकहो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

सप्टेंबर १९४८ पर्यंत वेरूळ निजामाच्या राज्यात होते, आणि सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांनी मत द्यावे अशी व्यवस्था त्या राज्यात नव्हती. इंग्रजांच्या मुलुखात ख्रिस्ती लोकांस काही वेगळ्या जागा होत्या. त्या पुढे मागू नयेत, असा विचार घटना समितीत १९४९ साली मांडणाऱ्यांत समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी होते, व ते स्वतः ख्रिस्ती होते. घटनेच्या ३२५ व्या कलमाने प्रत्येक मतदारसंघास सर्वांची मिळून एकच यादी दिली. धर्म, जात किंवा स्त्रीपुरुषभेद यांवरून कोणास वगळता येत नाही. वेगळी यादी आपल्याच वडीलधाऱ्यांनी विश्वासाने सोडली. यास्तव ज्याचे नाव या एका यादीत नाही, त्याचे नाव कोठेच नाही. शिवाय ग्रामपंचायतीची यादीही विधानसभेच्या यादीतूनच प्रभागवार पाडली जाते. पाणी, रस्ता, दिवाबत्ती यांचा निर्णय करणारी ती निवडणूक कधी कधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी ठरते. तेथे आपल्या आळसाची किंमत शेजाऱ्यासही द्यावी लागते.

यापेक्षा कठीण गोष्ट निराळी आहे. वडील वारून वर्षे लोटली, तरी त्यांचे नाव यादीत तसेच असते, आणि मुलगा म्हणतो, राहू द्या, तेवढीच आठवण. ही माया आम्हांस समजते. तथापि यादी हे स्मारक नव्हे. मृताच्या नावावर दुसऱ्याने मत टाकावे, अशी वाट आपणच उघडी ठेवीत असतो. नमुना ७ भरून ते नाव काढविणे हे मुलाचे काम आहे. तसेच लेक सासरी गेली की तिने नमुना ८ भरून नाव नव्या ठिकाणी न्यावे. दोन ठिकाणी नाव ठेवण्यास कायद्याची मनाई आहे, आणि खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात. शेजाऱ्याशी बांधाचे भांडण आहे म्हणून त्याच्या नावावर खोटी हरकत घेणारेही असतात. त्यांच्याविषयी काय लिहावे!

आमच्या मते सर्वांत मोठी चूक ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांच्या बाबतीत घडते. मराठवाड्यातील पुष्कळ घरे दिवाळीनंतर उन्हाळा लागेपर्यंत कुलूपबंद असतात. चौकशीस आलेल्या मनुष्यास शेजारी सहज सांगून जातो, "ते इथं राहत नाहीत." एवढ्या एका वाक्याने त्या घरावर संशय येतो, आणि सुनावणीची नोटीस आली तरी ती घेण्यास घरी कोणी नसते. वास्तविक पोटासाठी काही महिने बाहेर गेल्याने कोणी त्या गावचा रहिवासी नाहीसा होत नाही, हे १९५० च्या कायद्यातच लिहिले आहे. शेजाऱ्याने "ते कामावर गेले आहेत, परत येतील" एवढे खरे सांगितले तरी पुरे.

करावयाचे काम फार नाही. गावचा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यास सगळे बीएलओ म्हणतात, त्याजपाशी यादी पाहावी; खुलताबादेस तहसील कचेरीत विचारावे; अथवा १९५० या क्रमांकावर फोन करावा. नवे नाव नमुना ६ भरून घालता येते. १८ वर्षे पुरी झाल्याची गणना आता वर्षातून चार तारखांस होते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर. उपदेशक बंधूंनी ज्यांस वाचता येत नाही त्यांच्या घरी बसून हे अर्ज भरावेत. हे भरताना कोणास मत द्यावे याविषयी अवाक्षर काढू नये.

त्या वृद्ध बाईंचा अर्ज भरण्यास आम्ही बसलो होतो. नाव विचारले तेव्हा त्यांनी थोरल्या मुलाचे नाव घेऊन "त्याची आई" असे सांगितले. आम्हांस पहिल्या निवडणुकीची गोष्ट आठवली. त्या वेळी उत्तरेकडील अनेक स्त्रियांनी अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले, आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांस सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली. आम्ही बाईंस पुन्हा विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग त्यांनी आपले नाव सांगितले, आणि आम्ही ते लिहिल्यावर नीट वाचून दाखविण्यास सांगितले.